आजची सुभद्रा
गिरगावात साहित्य संघात आज ‘संगीत सौभद्र’ बघून आले. ‘वद जाऊ कुणाला शरण’ या पदाला सुभद्रेने असा काही आर्त स्वर लावला की शेजारच्या आजींनी डोळ्यांना पदर लावला. १८८२ मध्ये किर्लोस्करांनी हे नाटक आणलं तेव्हा बायकांच्या भूमिकाही पुरुषच करायचे; सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. त्यांची थोरवी मान्यच. पण गायिका हिराबाई बडोदेकर स्वतःची नाटकमंडळी काढून उभ्या राहिल्या, १९३३ मध्ये ज्योत्स्ना भोळे ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात आल्या, तेव्हा घरंदाज बाईने तोंडाला रंग लावणं लोकांना खपत नव्हतं. केवढी हिंमत ही! सुभद्रेचा राग, तिचा हट्ट बाईच्याच गळ्यातून ऐकायला मिळतो तो या बायकांमुळे. प्रयोगानंतर आत जाऊन आजच्या सुभद्रेला, त्या मुलीला भेटले, मनापासून शाबासकी दिली. पुढच्या प्रयोगाला लेकीला नेणार आहे.