कात्रीने कापलेलं गॅस्केट

गाडी आली ती ट्यूनिंगसाठी. यामाहा आर१५ व्ही२, मूळची १४९ सीसी. ५७ मिमीच्या जागी ६२ मिमीचा पिस्टन, मोकळ्या वाटेचा सायलेन्सर, मोठा फिल्टर आणि इंधन वाढवणारा पिगीबॅक डबा. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ ऐवजी १४ दातांचं. तक्रार एवढीच, की चढावर ७,००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन टिणटिण वाजतं आणि पंधरा मिनिटांत दम तुटतो.

"टॉप स्पीड मात्र वाढलाय," असं गिऱ्हाईक म्हणालं. या गाडीचा स्पीड सेन्सर गिअरबॉक्सवरचे फेरे मोजतो. पुढचा एक दात कमी केला की मीटर सरळ ७ टक्के जास्त दाखवतं. मोबाईलच्या जीपीएसवर वेग होता तेवढाच होता. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

ही टिणटिण म्हणजे नॉकिंग, मिश्रण सिलिंडरमध्ये अवेळी आपोआप पेटतं त्याचा आवाज. नॉकिंग म्हटलं की सगळे आधी इंधन वाढवतात. आधीच्या गॅरेजनेही तेच केलं होतं, आणि बरं केलं होतं. स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५८.७ मिमी, म्हणजे नवी क्षमता १७७ सीसी. हवा १८ टक्के जास्त जाते, पण ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) हिशोब १४९चाच राहतो. डबा नसता तर पिस्टन कधीच वितळला असता. हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून दिवे घाट चढवला, तर पूर्ण थ्रॉटलला आकडा १२.८ ते १३. म्हणजे मिश्रण निर्दोष, आणि टिणटिण तरीही चालूच. खाली उतरल्यावर कूलंटच्या बाटलीत बुडबुडे दिसले, तेव्हा ट्यूनिंगचा लॅपटॉप मिटवला.

गळती मोजणाऱ्या लीकडाउन टेस्टरने सिलिंडरमध्ये १०० पीएसआय हवा सोडली. २८ टक्के गळती, आणि रेडिएटरचं झाकण काढल्यावर पाणी उकळल्यासारखं. हेड उघडलं.

पत्र्याच्या थरांच्या हेड गॅस्केटमध्ये (सिलिंडर आणि हेडमधल्या सीलमध्ये) बोअरभोवती, म्हणजे सिलिंडरच्या भोकाभोवती, एक उठावदार कड असते. सील होतं ते त्या कडेवर, बाकीचा पत्रा फक्त जागा धरतो. इथे ५७चं मूळ गॅस्केट कात्रीने ६२ला कापलं होतं. उठावाची कड कापलेल्या चकतीसोबत कचऱ्यात गेली, राहिला सपाट पत्रा. नव्या पिस्टनवर हजारो रुपये घालणारा माणूस गॅस्केटवर काटकसर का करतो, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरा दोष ब्लॉकचा. हा ब्लॉक यामाहाच्या डायासिल पद्धतीचा, सिलिकॉन भरपूर असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा, आत लायनर नाही. मोठा बोअर करायचा तर बिडाची स्लीव्ह (नळी) ठोकावी लागते. लेथवाल्याचा बोअर सरळ होता, पिस्टनचं क्लिअरन्सही बिडाला शोभेल असं ०.०४५ मिमी. काम चांगल्या हाताचं. पण स्लीव्ह बसवल्यावर वरचा पृष्ठभाग एका कटात सपाट (फेस) करायचा असतो, तेवढं राहून गेलं. सरळपट्टी ठेवून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, तर स्लीव्ह ०.०६ मिमी खाली बसलेली. कड नसलेलं गॅस्केट आणि खाली गेलेली स्लीव्ह, म्हणजे जळता वायू थेट पाण्यात.

मग ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) ज्वलनकक्ष मोजला. १६.४ सीसी. (१७७.२ + १६.४) भागिले १६.४, म्हणजे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) ११.८. मूळ १०.४. कॉम्प्रेशन वाढलं की नॉकिंगची भीती वाढते, आणि पंपावरचं पेट्रोल साधंच.

इथे माझा हिशोब अडतो. याच कुळातली पुढची आवृत्ती व्ही३ कारखान्यातून ११.६वर निघाली आणि साध्या पेट्रोलवर मजेत चालते. मग ११.८ला एवढी बोंब का? व्ही३चं हेड आणि टायमिंग त्या आकड्यासाठीच बनवलेलं आहे. इथे स्पार्क अजून १०.४च्या हिशोबाने लवकर पडतो, आणि हा डबा टायमिंगला हात लावत नाही. शिवाय स्लीव्ह उष्णता अडवते, वायू पाणी तापवतो. नॉकिंगमध्ये कुणाचा वाटा किती, ते सांगता येत नाही.

ब्लॉकचा माथा ०.०८ मिमी घासला. ६३ मिमी बोअरचं, स्वतःची कड असलेलं नवं गॅस्केट घातलं. सिलिंडरखाली ०.५ मिमीची बेस प्लेट. कॉम्प्रेशन ११वर आलं. किंमतही मोजली: सोल्डरच्या तारेने पाहिलेला स्क्विश (वर आलेला पिस्टन आणि हेड यांतली फट) ०.७वरून १.१ झाला, म्हणजे ज्वलनाचा वेग थोडा मंदावला. हेड वर उचललं की टायमिंग चेन ताणून वाल्व्ह उघडणारा कॅम किंचित मागे पडतो, त्यामुळे खालचा पिकअप जरा उतरला. वाल्व्ह पिस्टनला लागत नाहीत ना, ते प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) लावून हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं.

आरसी बुकात अजून १४९च आहे. मूळ नोंदीशी न जुळणारे बदल रोखणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विम्याचा क्लेम या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला सांगितल्या. मान हलवली, ऐकलं नाही.

पुन्हा दिवे घाट. बुडबुडे नाहीत, टिणटिण नाही. पण गॅस्केट आणि कॉम्प्रेशन दोन्ही एकाच दिवशी बदललं, ही चूक माझी. आधी फक्त गॅस्केट बदलून ११.८वरच घाट चढवायला हवा होता. आवाज तेव्हाच थांबला असता, तर बेस प्लेट लागलीच नसती आणि स्क्विश ०.७वर राहिला असता. आता हे तपासायला इंजिन पुन्हा उघडावं लागेल, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "चालतंय ना, राहू द्या."