विकतचा वाटतो

ओटा पुसला, डबे घासले, तरी डोक्यात तेच. ‘अगं, केक मस्त झाला ना! एकदम विकतचा वाटून राहिला!’

मोठ्या वहिनी कौतुकानंच म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही हसले. पण तेव्हापासून दाताच्या फटीत काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

विकतचा? दोन दिवस कुलर बंद ठेवून बसले होते मी. मे महिन्यात, नागपुरात! कुलरची ओली हवा लागली की फॉन्डंट, म्हणजे केकवर लाटून घालायचं साखरेचं पीठ, चिकट होतं आणि त्याचा केलेला बो (रिबनची फुलासारखी गाठ) मान टाकतो. कुलर बंद केला तर लाटता लाटता टाचेला पडतात तशा भेगा. मग गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, लागेल तेवढाच बाहेर काढायचा, हाताला वनस्पती तुपाचं बोट. पाव किलोला चमचाभर सीएमसी, म्हणजे फॉन्डंट कडक करणारी पावडर, मळली, तेव्हा कुठे बोनं उभं राहायचं मनावर घेतलं. दोन कान, दोन शेपट्या आणि मधली चिमूट झाकायला एक पट्टी. गाठ अशी त्यात नसतेच, नुसता गाठीचा आव. कान वाळेपर्यंत चपटे होऊ नयेत म्हणून आत कापूस कोंबून ठेवला होता, तर हे विचारतात, ‘कोणाला लागलं?’

आणि ती फॉन्डंटची रिबन! ८ इंची केकला वेढा द्यायचा तर २५ इंचांच्या वर पट्टी लागते. (शाळेत वर्तुळाचा ‘पाय’ शिकवताना हे सांगितलं असतं तर गणितात बरे मार्क पडले असते.) सरळ उचलली की आपल्याच वजनानं ताणून तुटते, म्हणून बँडेजसारखी गुंडाळून केकभोवती हळूहळू उलगडायची. तरी तुटलीच. सांधा बोखाली लपवला.

एवढं करून विकतचा.

वहिनींच्या सांबारवडीला म्हणून बघावं कोणी असं! महिनाभर बोलणार नाहीत. तिथे म्हणे हाताची चव. मग माझे हात काय... आईनं पाहिला असता तर निदान— जाऊ दे.

बो कोणी खाल्लाच नाही, ते वेगळंच. चिऊनं एक कान चावून परत ठेवला. तिचंही बरोबर आहे म्हणा, वाळून खडखडीत झालेली साखर ती. उरलेला कान डब्यातून माझ्यासोबत घरी आला.

आत्ता तो डबा उघडून बघत बसले होते. कानाच्या आतल्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, चांगला रेघारेघांचा. बाहेरचे सगळे ठसे मी कॉर्नफ्लोअर लावून, बोट फिरवून फिरवून घालवले होते. म्हणजे दोन दिवस माझा हात कुठे दिसू नये म्हणून मीच मरत होते, आणि तो दिसला नाही म्हणून आता मीच रुसून बसलेय. धन्य आहे बाई.

तरीपण ‘छान’ म्हणता आलं असतं. नुसतं छान.

हे लिहितानाच वहिनींचा मेसेज आला. त्यांच्या बहिणीच्या नातवाला असाच केक पाहिजे, पुढच्या रविवारी, निळ्या रिबनचा. ‘किती घेशील सांग.’ म्हटलं, विकतचा वाटतोच आहे तर विकूनच टाकू. हिंमत करून लिहिलं, १२०० रुपये.

लगेच उत्तर. ‘घरचाच तर आहे ना गं, मग एवढे कायले?’