स्वारगेट, कात्रज आणि मॉड

रविवारची कॅटची (एमबीएच्या प्रवेश परीक्षेची) बॅच, सदाशिव पेठेतला वर्ग. फळ्यावर प्रश्न होता: |क्ष − ३| + |क्ष + २| ≤ ७, तर क्षच्या पूर्णांक किमती किती?

सगळ्यांनी लगेच तीन केसेस पाडल्या: क्ष −२ च्या खाली, −२ ते ३ मध्ये आणि ३ च्या वर. पद्धत बरोबरच, पण कॅटमध्ये गणिताच्या विभागाला ४० मिनिटं मिळतात आणि घाईत एक उणे चिन्ह सुटलं की सगळं मुसळ केरात. बहुपर्यायी प्रश्न असेल तर वर एक गुणही जातो.

कात्रजहून बसने येणारी एक मुलगी वही मिटून बसली होती. मॉडच्या या उभ्या रेघा दिसल्या की उणे काढून टाकायचं, असं तिच्या मनात लहानपणापासून घट्ट बसलेलं. त्यामुळे |क्ष − ३| चं ती थेट क्ष + ३ करायची. तीन आठवडे मी नियम सांगत होते आणि ती मान डोलवत होती. त्या दिवशी नियम बाजूला ठेवले आणि तिला फळ्यापाशी बोलावलं.

"|क्ष − ३| म्हणजे क्षचं ३ पासूनचं अंतर. मग |क्ष + २|?"

"उणे दोनपासूनचं."

मी संख्यारेषा काढली. −२ वर स्वारगेट लिहिलं, ३ वर कात्रज. "तुझी बस मध्ये कुठंही असू दे. दोन्ही टोकांपासूनच्या अंतरांची बेरीज किती?"

ती जरा थांबली. "पाच. मॅडम, पद्मावतीला उतरले काय नि बालाजीनगरला, पाचच!"

"आणि कात्रज सोडून घाटाकडे गेलीस तर?"

"एक पुढं गेले की दोन्हीकडून एकेक वाढणार." मग तिनेच खडू घेतला. "सात म्हणजे दोन जास्त. इकडे एक, तिकडे एक. −३ ते ४. आठ किमती!"

मी ≤ ७ पुसून < ५ लिहिलं. "उत्तरच नाही," ती म्हणाली, "दोन टोकांतच पाच अंतर आहे." बाकीचे अजून पहिलीच केस लिहीत होते. माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. शाळेत मॉडची ओळख संख्यारेषेवरच व्हायला हवी, असं मला फार वाटतं.

|२क्ष − ७| > क्ष + १ सारख्या प्रश्नात मात्र उजवी बाजूही हलते, तिथे केसेस पाडणंच सोपं. तेही तिला सांगून ठेवलं. रात्री तिच्या वहीचा फोटो आला: क्ष < २ किंवा क्ष > ८.