तुम्ही विचारलंत म्हणून : गेजचा काटा सारखा का बसतो?

"चांगल्यातला प्रेशर गेज (दाब दाखवणारं घड्याळ) घेतला, तरी तीन-चार महिन्यांत काटा बसतो. आता कुठल्या कंपनीचा घेऊ?" सोलापुरात अक्कलकोट रोडचे टॉवेलवाले हे विचारतात, चिंचोळी एमआयडीसीतले विचारतात, आणि गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्याचे स्टोअरवालेही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही. बहुतेक गेज टॅपिंग (गेजसाठी लाइनवर काढलेलं तोंड) आणि डायल यांच्यामधल्या वीतभर पाइपामुळे मरतात, आणि त्या वीतभरात काय बसवायचं हे कंपनी ठरवत नाही, फिटर ठरवतो.

एखादा भंगारात गेलेला गेज उघडून बघा. आत विळ्यासारखी वाकवलेली चपटी नळी दिसेल. ही बूर्दाँ ट्यूब. फ्रान्सच्या युजीन बूर्दाँने तिचं पेटंट १८४९ साली घेतलं, तत्त्व आजही तेच आहे. दाब आला की नळी सरळ व्हायला बघते, टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, आणि बारीक दात्यांची यंत्रणा तेवढ्यावर काटा पाऊण वर्तुळ फिरवते. साध्या गेजमध्ये नळी पितळेच्या जातीच्या धातूची असते आणि तिच्या टोकांना मऊ डाख असतो. त्या डाखाला ६० अंशांच्या वरचं काहीही सोसत नाही. डाइंगच्या, म्हणजे रंगाईच्या, बॉयलरवर पाटीला १०.५४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) लिहिलेलं असतं (हा विचित्र आकडा १५० पीएसआयवरून, म्हणजे चौरस इंचाला १५० पौंडांवरून, आलेला आहे). त्या दाबाला वाफ १८५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे वाफ थेट नळीत गेली की कंपनी कुठलीही असो, डाख सैल पडणार किंवा नळीचा ताव जाणार.

म्हणून मध्ये सायफन, म्हणजे वाकवलेली नळी. तो बहुतेकांनी बसवलेला असतो, पण कोरडा. सायफनच्या वेटोळ्यात पाणी साठतं, वाफ त्या पाण्याला ढकलते आणि गेजपर्यंत फक्त पाणी पोचतं, एवढंच त्याचं काम. नवीन बसवताना आत पाणी नसेल तर पहिली वाफ सरळ डायलपर्यंत जाते. पुढे पाणी आपोआप जमतं हे खरं, पण नुकसान त्या पहिल्या मिनिटातच झालेलं असतं. टॅपिंग पाइपाच्या बाजूला, आडवं असेल तर यू आकाराचा सायफन. टॅपिंग वर तोंड करून असेल तर गोल वेटोळ्याचा, ज्याला क्यू म्हणतात तो. उलट लावले तर पाणी टिकत नाही.

क्रम असा ठेवा. टॅपिंगवर आधी व्हॉल्व्ह बसवा. सायफन लावण्यापूर्वी लाइनला थोडा दाब आल्यावर, तोंडासमोर कुणी उभं नाही हे बघून, व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा. वेल्डिंगचा कचरा, गंज, लोखंडाचा कीस सगळा निघून जातो. हा कचरा नंतर गेजच्या अर्ध्या-एक मिलिमीटरच्या छिद्रात जाऊन बसतो आणि मग "गेज डल झाला" म्हणतात. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सायफन, त्यावर थ्री-वे कॉक (तीन तोंडांची तोटी). कॉकच्या तोंडातून स्वच्छ मऊ पाणी काठोकाठ भरा, कपभर पुरून उरतं. बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं जड पाणी आतून खर धरतं. मग गेज. व्हॉल्व्ह उघडताना एकदम नाही, पाव आटा फिरवून थांबा, काटा हलला की पुढे. कॉकमधून सायफन कधी फुंकून काढलात, तर तो रिकामा झालेला असतो हे लक्षात ठेवा. पाच-दहा मिनिटं वाफेचं पाणी जमू द्या, मगच गेजकडे वळवा.

थ्री-वे कॉकवर पैसे वाचवू नका. एक तोंड लाइनला, एक गेजला, तिसरं हवेत किंवा तपासणीच्या गेजला. बॉयलर इन्स्पेक्टर आपला गेज ह्याच तिसऱ्या तोंडाला लावतो. आणि बॉयलरवर किंवा आयबीआरखाली (बॉयलरच्या सरकारी नियमांखाली) येणाऱ्या लाइनवर स्वतःच्या मनाने भोक पाडून टॅपिंग वेल्ड करायचं नाही, त्याला मंजुरी लागते.

आता आटे. ह्यात जितकं पाणी गळतं तितकं दुसऱ्या कशात नाही. आपल्या बाजारात अर्ध्या इंचाचा गेज बहुधा बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) समांतर आट्याचा येतो आणि ट्रान्समीटर (दाबाचा विजेचा सिग्नल पाठवणारा), परदेशी मशीन, व्हॉल्व्ह मॅनिफोल्ड एनपीटी (अमेरिकन मापाच्या) निमुळत्या आट्याचं. दोन्हींना इंचाला १४ आटे. त्यामुळे एक दुसऱ्यात सुरुवातीला गुमान जातो आणि बसल्यासारखा वाटतो. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. दोन-तीन फेऱ्यांनंतर जड लागतं, फिटरला वाटतं घट्ट झालं, तो अजून जोर लावतो आणि आटे चुरगळतात. थंड असताना गळत नाही, गरम झाल्यावर गळतं, कधी दाबाखाली सुटूनही येतं. शंका असेल तर पिच गेज (आट्यांशी जुळवून बघायची दातेरी पट्टी) लावा, नाही तर त्याच मापाच्या नवीन निप्पलशी जोडून उजेडाकडे धरून बघा. एक निमुळता आणि एक सरळ असेल तर लगेच दिसतं. जोडायचेच असतील तर मध्ये योग्य अ‍ॅडॅप्टर घाला.

समांतर आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून काही उपयोग नाही. तिथे गळती अडवतो तो तळाचा वॉशर. वाफेला मऊ केलेला तांब्याचा, आणि दर वेळी नवा. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. फायबरचा वॉशर वाफेवर लावू नका. टेप लागते ती निमुळत्या आट्याला. तोंडाकडचे दोन आटे उघडे सोडून, आटा फिरतो त्याच दिशेने, दोन-तीन वेढे. टोकावर आलेली टेप तुटून आत गेली की छिद्र बुजलं म्हणून समजा.

आणि पाने दोन. एक कॉकच्या षटकोनावर धरायला, दुसरा गेजच्या चौकोनी मानेवर फिरवायला. गेज हाताने, डबी धरून पिळलात तर आतली नळी मानेवर पिळली जाते आणि काटा शून्यावरून सरकतो. डायल समोर यावा म्हणून गेज अर्धा आटा मागे फिरवून ठेवणं ही दुसरी सवय. तिथून गळणारच. डायल हवा तिकडे वळवायचा तर डाव्या-उजव्या आट्याचा फिरता नट मिळतो, तो मध्ये घाला.

रेंजबद्दल थोडक्यात. रोजचा दाब स्केलच्या मध्यावर ते तीन चतुर्थांशाच्या आत यावा. दाब खालीवर होत असेल तर दोन तृतीयांशाच्या पुढे नको. बॉयलरला डायल कार्यदाबाच्या दीडपट ते दुप्पट. म्हणून १०.५४ ला ० ते १६ किलोचा गेज, आणि १०.५४ वर लाल रेघ. रेघ डायलवर असावी, काचेवर नाही, काच फिरते. क्लास १.६ चा (पूर्ण स्केलच्या १.६ टक्के फरक चालणारा) ० ते १६ चा गेज पाव किलोने इकडेतिकडे दाखवू शकतो, तो दोष नव्हे. परदेशी लूमवर मेगापास्कल लिहिलेलं असतं, तिथला ०.६ म्हणजे आपले सहा किलो आणि वर थोडंसं.

गेज दिसावा म्हणून छताजवळच्या टॅपिंगवरून नळी खाली डोळ्यांसमोर आणतात, ते चांगलंच. पण नळीत पाणी भरलेलं असतं, आणि दर दहा मीटरला एक किलो. तीन मीटर खाली आणलात तर ०.३ किलो जास्त दिसणार. तेवढं वजा करायचं, आणि ते गेजजवळ पाटीवर लिहून ठेवायचं, पाळी बदलली की कुणाच्या लक्षात राहत नाही. टॅपिंग पाइपाच्या तळाला घेऊ नका, तिथे गाळ साठतो. वाफ आणि पाण्याला बाजूने, हवेला वरून.

सगळ्यात धोकादायक गेज म्हणजे शून्य दाखवणारा. काटा शून्यावर आहे ह्याचे दोन अर्थ असतात : दाब नाही, किंवा छिद्र बुजलंय. आपल्या टॉवेलच्या डाइंगमध्ये दुसरा अर्थ फार वेळा खरा असतो, कारण सुताचा रुवा. एचटीएचपी (जास्त तापमान, जास्त दाबाच्या रंगाईच्या) यंत्रात पाणी १३० अंशांवर असेल तर नुसत्या वाफेचाच दाब १.७ किलोच्या आसपास असतो. टॅपिंगमध्ये रुव्याचा बोळा बसलेला, काटा शून्यावर, आणि ऑपरेटर झाकणाला हात घालतो. झाकण सैल झालं की ते पाणी उकळत बाहेर येतं. म्हणून झाकणाचं इंटरलॉक (दाब असताना झाकण उघडू न देणारी यंत्रणा) काढून ठेवायचं नाही, तापमानही बघायचं, आणि गेजशिवाय वेगळा एक व्हेंट कॉक उघडून काय येतं ते बघायचं.

गेज काढतानाही तीच काळजी. व्हॉल्व्ह बंद करा, कुलूप-पाटी लावा, मग कॉकचं तिसरं तोंड भिंतीकडे वळवून हळूच उघडा. थोडं पाणी, थोडी वाफ येऊन काटा खाली यायला हवा. काहीच आलं नाही, तर खूश होऊ नका, वाट बुजलेली असू शकते. दोन पाने लावून नट अर्धा आटा सैल करा, बाकीचे आटे अजून धरलेले असताना गेज किंचित हलवा, तोंड बाजूला. सुस्कारा येतच राहिला तर परत आवळा आणि लाइन थंड होऊ द्या. बुजलेलं टॅपिंग दाबाखाली तारेने टोचायचं नाही. बोळा निघतो तेव्हा तारेच्या मागोमागच येतो.

जास्त दाबाच्या, विशेषतः हवा-वायूच्या लाइनवर सॉलिड फ्रंटचा गेज घ्या. त्यात डायलमागे जाड भिंत असते. नळी फाटली तर मागचं झाकण उडतं, काच नाही. पण तो भिंतीला चिकटवून बसवलात तर मागचं झाकण उडणार कुठे? मागे निदान २० मिमी जागा मोकळी सोडा.

ग्लिसरीनचा गेज पंप आणि पिस्टनच्या कॉम्प्रेसरवर चांगला, काट्याची थरथर मरते. पण वरचं रबरी बूच बसवल्यावर कापायचं किंवा उघडायचं असतं, हे कुणी करत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली डबीतलं ग्लिसरीन आणि हवा फुगते, आणि कमी रेंजच्या गेजचा काटा त्या दाबानेच शून्यावरून हलतो. लोक गेज बदलतात, बूच तसंच. शंभर अंशांच्या वर ग्लिसरीन चालत नाही, त्यामुळे वाफेवर लावला तरी सायफन हवाच. नुसत्या धक्क्यांना स्नबर (दाबाचा धक्का मारणारा छोटा जोड) किंवा अर्धवट उघडा निडल व्हॉल्व्ह पुरतो. मात्र सकाळी वाफ सोडताना लाइनमधलं पाणी आधी ट्रॅपच्या (वाफेचं पाणी बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बायपासने काढलं नाही, तर पाण्याचा दणका काट्याला शेवटच्या खुंटीवर आपटतो. वाकलेला काटा दिसला की आधी पाळीवाल्याला विचारा, गेजला नंतर.

उसाचा रस, मळी, चिकट रंग असेल तर साधा गेज लावूच नका, डायफ्राम सील (मध्ये पातळ पडदा, त्यामागे भरलेलं तेल) लावा, आणि सीलच्या भरणीचा बोल्ट कधी सैल करू नका. द्राक्ष-बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो. तो पितळ-तांबं खातो, तिथे संपूर्ण स्टेनलेस. ऑक्सिजनच्या गेजला तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नका, तेलावर तपासलेला गेज तिथे चालत नाही, ग्लिसरीनचाही नाही.

ट्रान्समीटर असेल तर केबल ग्लँड खाली तोंड करून, केबलला पावसाचं पाणी गळून जाईल असा झोळ, आणि न वापरलेल्या भोकाला धातूचं बूच; येताना लावलेलं प्लॅस्टिकचं झाकण वाहतुकीपुरतं असतं. शील्ड (केबलचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा. बसवल्यावर, दाब शून्य असताना, ४ मिलिअँप येतात का बघून शून्य जुळवा. जवळपास वेल्डिंग निघालं तर ट्रान्समीटर काढून ठेवा.

आता दुकानात काय मागायचं ते. १०.५४ किलोच्या बॉयलरसाठी : १०० मिमी डायल, खालून जोड, अर्धा इंच बीएसपी, ० ते १६ किलो, क्लास १.६, स्टीलची डबी. त्याच बिलात टॅपिंगला जुळणारा सायफन, एक थ्री-वे कॉक आणि तांब्याचे चार वॉशर. दुकानदार म्हणाला "सायफन कशाला, जुना आहे ना तुमचा?" तर जुना काढून त्यातून फुंकून बघा. हवा सरळ गेली नाही, तर नवा घ्या.