जर्मनीचा ९ नोव्हेंबर

९ नोव्हेंबर

वर्तमानपत्रांतील दिनविशेष मी आवडीने वाचतो, परंतु त्यात एकाखाली एक छापलेल्या घटनांचा परस्परांशी बहुधा काहीच संबंध नसतो. जर्मनीच्या ९ नोव्हेंबरचे तसे नाही, आणि म्हणूनच आज तो दिवसभर मनात घोळत राहिला.

१९१८ साली याच दिवशी कैसर (जर्मन सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मच्या पदत्यागाची घोषणा झाली आणि बर्लिनच्या संसद भवनाच्या खिडकीतून समाजवादी नेते फिलिप शायडेमान यांनी प्रजासत्ताक जाहीर केले. ज्यांना महायुद्धातील पराभव पचला नाही त्यांनी त्याचे खापर या क्रांतीवर फोडले आणि तिच्या नेत्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' ठरवले. हेच प्रजासत्ताक उलथवण्यासाठी हिटलरने १९२३ मध्ये म्युनिकच्या एका बिअरच्या सभागृहात ८ नोव्हेंबरच्या रात्री उठाव सुरू केला. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात तो संपला.

यापुढचा धागा मला सर्वाधिक अस्वस्थ करतो. सत्ता मिळाल्यावर नाझींनी त्या गोळीबारात मेलेल्यांना हुतात्मे ठरवले आणि दरवर्षी याच सुमारास पक्षाचे नेते म्युनिकमध्ये जमू लागले. १९३८ मध्येही ते असेच जमले होते. आई-वडिलांना जर्मनीतून पोलंडच्या सीमेवर हाकलल्याचे कळल्यावर हेर्शेल ग्रिन्श्पान या सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने पॅरिसमध्ये एर्न्स्ट फोम राथ या जर्मन अधिकाऱ्यावर ७ नोव्हेंबरला गोळ्या झाडल्या होत्या. तो अधिकारी ९ तारखेला मरण पावल्याची बातमी नेत्यांच्या त्या मेळाव्यात येऊन पोहोचली, प्रचारमंत्री गोबेल्सने चिथावणीचे भाषण केले आणि उपस्थितांनी तेथूनच आपापल्या प्रांतांत फोन लावले. त्या रात्री देशभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) जाळले गेले, हजारो दुकाने फोडली गेली आणि पुढील दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत धाडण्यात आले. हे सारे नेते वर्धापनदिनासाठी एका छताखाली नसते, तर हिंसा एका रात्रीत इतकी पसरली असती असे मला वाटत नाही.

१९८९ चा ९ नोव्हेंबर, म्हणजे बर्लिनची भिंत खुली झाली तो दिवस, मात्र निव्वळ योगायोग आहे. पूर्व जर्मन नागरिकांच्या परदेश प्रवासाचे नवे नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे होते; तेथील सत्ताधारी पक्षाचे नेते ग्युंटर शाबोव्स्की यांना ते नीट माहीत नव्हते, आणि पत्रकारांनी विचारताच ते कधी लागू होणार याचे उत्तर त्यांनी 'ताबडतोब' असे देऊन टाकले. लोक भिंतीच्या नाक्यांवर लोटले आणि बोर्नहोल्मर रस्त्यावरील नाक्याच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या स्पष्ट आदेशाविनाच फाटक उघडले.

पूर्व व पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या वेळी याच तारखेला राष्ट्रीय सण मानावा असे सुचवले गेले होते, परंतु एकीकरण प्रत्यक्षात आले तो १९९० चा ३ ऑक्टोबर निवडण्यात आला. मला ही निवड योग्य वाटते, कारण १९३८ ची रात्र भोगलेली माणसे तेव्हा हयात होती आणि त्या तारखेला रोषणाई पाहणे त्यांना असह्य झाले असते.