आठवं विधान

प्रबंधाच्या सबमिशनला आठ दिवस उरले होते. दुपारचा तास संपवून स्टाफरूमकडे आले, तर दाराबाहेर एम.ए. भाग दोनची माझी विद्यार्थिनी उभी. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत १२० फॉर्म. कडेगाव तालुक्यातल्या बचत गटांमधल्या बायकांकडून तिने ते भरून घेतले होते. दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली आणि पुढे दर रविवारी एसटीने या गावाहून त्या गावाला जात राहिली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना एकेक विधान स्वतः वाचून दाखवलं.

"मॅडम, आल्फा येत नाहीये," ती म्हणाली. आवाजावरून कळलं की रात्रभर झोप झालेली नाही.

मी तासिका तत्त्वावर संशोधन पद्धती आणि सांख्यिकी शिकवते. मानसशास्त्राला येणाऱ्या बहुतेक मुलांनी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो. माणसाचं मन समजून घ्यायचं म्हणून ती येतात आणि आम्ही त्यांच्यापुढे मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध मांडतो. त्यांचा हिरमोड मला समजतो. पण दोष विषयाचा नाही, आपण तो शिकवतो कसा याचा आहे. फळ्यावर सूत्र, वहीत उत्तर, दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर आलं की पूर्ण गुण. तो आकडा कोणाच्या तोंडून आला, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं जात नाही.

तिचा विषय साधा आणि चांगला होता: बचत गटात किती वर्षं आहे आणि स्वतःबद्दलचा आदर किती, यांचा काही संबंध दिसतो का? मोजायला रोझेनबर्ग यांची मापनी घेतली होती. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांमधल्या ५,०२४ मुलामुलींच्या अभ्यासातून ती मांडली. आज ती जगभर वापरतात. ती फक्त दहा विधानांची आहे. पाच सरळ, पाच उलट. "एकंदरीत मी स्वतःबद्दल समाधानी आहे" याला सहमती दिली तर गुण जास्त. "कधीकधी मी अगदी निरुपयोगी आहे असं मला वाटतं" याला सहमती दिली तर गुण कमी. त्यामुळे बेरजेआधी उलट विधानांचे गुण उलटवून घ्यावे लागतात. चाराचा एक, तिनाचे दोन. आणि आल्फा म्हणजे ली क्रोनबॅक यांनी १९५१च्या लेखात मांडलेला विश्वसनीयतेचा गुणांक. ही दहा विधानं एकमेकांच्या जोडीने चालतात की दहा दिशांना पळतात, याचा तो अंदाज देतो. ०.७०च्या आसपास आला की आम्ही निश्चिंत होतो.

तिचा आला होता ०.१४.

कॉलेजजवळ प्रबंध टाईप आणि बाइंडिंग करून देणारं एक दुकान आहे. तिथे 'स्टॅटिस्टिक्स करून मिळेल' अशी पाटीही आहे. ती आधी तिथे जाऊन आली होती. तिथला मुलगा म्हणाला, दहा-बारा फॉर्म घोळ घालतायत, ते काढा आणि दुसरे भरून टाका, अर्ध्या तासाचं काम आहे. ती म्हणाली, "मॅडम, कुठले फॉर्म काढू? प्रत्येक फॉर्मची बाई मला आठवतीय."

फाईल उघडली. पहिली चूक पाच मिनिटांत सापडली: उलट विधानं उलटवलीच नव्हती. पाचही स्तंभ उलटवले, जामोवी या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा घातले आणि आल्फा ०.६६वर गेला. ती हसली, मीही हसले. पण तक्त्याखाली एक ओळ होती. आठव्या विधानाचा उरलेल्या नऊ विधानांशी सहसंबंध उणे आहे, बहुधा ते उलटवायला हवं, असं सॉफ्टवेअर सांगत होतं. आकडा होता उणे ०.२८.

"आत्ताच तर उलटवलं ना आपण?"

दोनदा तपासलं. उलटवलेलंच होतं. म्हणजे ज्या बायका बाकी नऊ विधानांत स्वतःचा आदर करणाऱ्या दिसत होत्या, त्याच आठव्यात स्वतःला कमी लेखत होत्या. सगळ्याच नाहीत, पण कल तिकडेच होता.

आठवं विधान तिने असं भाषांतरित केलं होतं: "मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटावा अशी माझी इच्छा आहे." भाषांतराची पद्धतही तिने पाळली होती. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये मांडलेली उलट भाषांतराची रीत मी वर्गात शिकवते: एकाने इंग्रजीतून मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही इंग्रजी वाक्यं ताडून पाहायची. तिच्या इंग्रजीच्या मैत्रिणीने हे वाक्य परत नेलं, तेव्हा जवळजवळ शब्दशः मूळचंच वाक्य हाती आलं होतं. कागदावर सगळं चोख होतं.

मी म्हटलं, पिशवी रिकामी कर. टेबलावर फॉर्म पसरले. आठव्या विधानापुढे 'पूर्ण सहमत'वर खुणाच खुणा. काही फॉर्मच्या कडेला तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: "लगेच हो म्हणाल्या", "हसल्या". एका ठिकाणी होतं, "मान तर पायजेच". तिने हे कशासाठी लिहिलं, ते तिलाही सांगता येईना. पण गावोगावी बसून ज्याने प्रश्न विचारलेत, त्याच्याच हातून अशा नोंदी होतात.

"तुझी आई या १२०मध्ये आहे का?"

"नाही. ती गटात नाही."

"फोन लाव. स्पीकरवर ठेव आणि आठवं वाच. उत्तर दिल्यावर फक्त एवढंच विचार, असं का वाटतं."

आई रानातून नुकत्याच आल्या होत्या, मागे बादलीचा आवाज येत होता. लेकीने विधान वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, "व्हय की. पूर्ण सहमत लिव."

"का गं आई?"

"का म्हंजे? बाईमाणसानं सोताचा मान ठिवायलाच पायजे. आपणच आपला मान ठिवला न्हाई तर लोकं कशाला ठिवतील? मला वाटतं बाबा, अजून ठिवावा."

फोन बंद झाल्यावर आम्ही दोघी काही वेळ बोललोच नाही. मूळ इंग्रजी वाक्य आहे, 'आय विश आय कुड हॅव मोअर रिस्पेक्ट फॉर मायसेल्फ'. त्यातली इच्छा ही कबुली आहे. माझ्याकडे आदर कमी आहे, तो असता तर बरं झालं असतं, असं बोलणारा म्हणतो. मराठीत 'अशी माझी इच्छा आहे' म्हटलं की ती उणिवेची खूण राहत नाही, उमेद होते. ज्या बाईची मान ताठ आहे, तीच जोरात हो म्हणते. आणि उलट भाषांतरात हे सापडणं शक्यच नव्हतं, कारण शब्द सगळे जागच्या जागी होते. निसटला होता तो बोलण्याचा सूर.

असं फक्त आपल्याकडेच घडलेलं नाही. डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक यांनी २००५मध्ये ५३ देशांमधला या मापनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही हे आठवं विधान बाकीच्यांच्या बरोबरीने चालत नाही असं दिसलं होतं. हे मला आधी वाचून ठाऊक होतं. भाषांतर तपासताना मला ते आठवलं नाही, आणि याची टोचणी मला त्या दुपारी लागली. मी गाईड होते. चार-पाच बायकांना आधी नुसतं वाचून दाखव, त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लाव, एवढं ऑक्टोबरमध्ये सुचवलं असतं तर काम झालं असतं.

पण खरा प्रश्न पुढेच होता. "आठवं काढून बघू?" असं म्हणून तिने ते काढलं. आल्फा ०.७४. मग तिने न विचारताच मुख्य सहसंबंध काढला. दहा विधानांवर, म्हणजे सुरुवातीला दिलेल्या संशोधन आराखड्यात लिहिल्याप्रमाणे, गटातली वर्षं आणि आत्मसन्मान यांचा सहसंबंध ०.१७ होता, पी ०.०६. पी म्हणजे मुळात संबंध नसताना निव्वळ योगायोगाने एवढा आकडा दिसण्याची शक्यता. नऊ विधानांवर तो ०.२१ झाला, पी ०.०२.

पी ०.०५च्या खाली गेला की निकाल सार्थक मानतात. १२० जणींच्या नमुन्यात ही सार्थकतेची रेषा ०.१८च्या सहसंबंधाजवळ पडते. एक विधान ठेवलं तर रेषेच्या अलीकडे, काढलं तर पलीकडे.

"मॅडम, नऊ ठेवली तर निकाल येतो," ती हळूच म्हणाली. "आणि काढायला कारण पण खरं आहे."

कारण खरं होतं, आणि अवघड होतं ते त्यामुळेच. दुकानातल्या मुलाचा सल्ला उघड खोटा होता, तो तिने स्वतःच झिडकारला. हा मोह मात्र शहाण्यासारखा बोलत होता. २०११मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिलं होतं की असे छोटे छोटे, प्रत्येकी समर्थनीय वाटणारे निर्णय आकडे पाहिल्यावर घेत गेलं, तर नसलेला संबंध 'सार्थक' दिसण्याची शक्यता ठरलेल्या पाच टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. पुढे २०१५मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सार्थक होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांचे. यातले सगळे संशोधक लबाड नव्हते. त्यांच्याकडेही कारणं होती.

मी तिला माझी गोष्ट सांगितली. आजवर कोणाला सांगितली नव्हती. माझ्या एम.ए.च्या प्रबंधात माझ्या गाईडनी चार फॉर्म बाजूला ठेवायला सांगितले. "हे विचित्र दिसतायत," म्हणाले. मी ठेवले. निकाल सार्थक आला, गुण चांगले पडले. ते चार फॉर्म काढल्याचं प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही. ती चार माणसं कोण होती, त्यांनी तसं का लिहिलं, मी कधी विचारलं नाही. नेट उत्तीर्ण झाले, शिकवायला लागले, तरी सार्थकतेच्या पाठाला आले की ते चार फॉर्म मला दिसतात.

ती ऐकत राहिली. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला.

आम्ही ठरवलं ते असं. मुख्य निष्कर्ष दहा विधानांचाच. आराखड्यात तसं लिहून दिलंय, म्हणून परिकल्पनेला आधार मिळाला नाही असंच लिहायचं. त्याखाली नऊ विधानांचा आकडाही द्यायचा, पण तो आकडे पाहिल्यानंतर केलेला पडताळा आहे हे त्याच परिच्छेदात सांगून. आठव्याचे गुण गुपचूप सरळ करून घ्यायचे नाहीत. आणि आठव्या विधानाला स्वतंत्र उपशीर्षक द्यायचं. हे सगळं लिहिताना ती मध्येच थांबली. तिने एक जादा तक्ता केला होता: गटात जास्त वर्षं असलेल्या बायका आठव्याला जास्त ठामपणे सहमत होत्या.

"म्हणजे बघा मॅडम, ज्या जास्त वर्षं गटात आहेत, त्यांना स्वतःचा मान अजून वाढवायचाय. हे मापनीत उणे धरलं जातं."

"एका विधानावरून एवढं म्हणता येईल का?"

तिने विचार केला. "नाही येणार. पण पुढच्या संशोधनासाठी प्रश्न म्हणून लिहिता येईल."

संशोधन पद्धतीचा इतका समाधानाचा तास मी वर्गात कधी घेतलेला नाही, आणि इथे तर खडूही हातात नव्हता. साडेपाच वाजून गेले होते. शिपाई दोनदा कुलपाची किल्ली वाजवून गेले. आम्ही फॉर्म क्रमांकाप्रमाणे लावून पिशवीत भरले. उपशीर्षकाखाली ती दोनच ओळी लिहून अडली होती.

"मॅडम, आईचं वाक्य घालू? त्याच्याशिवाय हे समजावून सांगता येत नाहीये."

"ती नमुन्यात नाही, हे स्पष्ट लिही. आणि आधी तिची परवानगी घे. बाकीच्या १२० जणींची घेतलीस तशीच."

तिने तिथेच पुन्हा फोन लावला. या वेळी स्पीकर नव्हता, पण स्टाफरूम रिकामी होती आणि आईंचा आवाज मोठा. तुझं मघाचं बोलणं प्रबंधात लिहिलं तर चालेल का, असं तिने विचारलं. कुठे छापणार, कोण वाचणार, सरकारी कामाचं आहे का, अशी चौकशी झाली. मग आई म्हणाल्या, "नाव नगं घालूस. आणि मी बोलले तसंच लिव, तुझ्या पुस्तकी भाषेत करू नगंस."