खिंडसीच्या पाण्यावर वाट कोणाची

नागपूरहून पहाटे साडेचारला निघाले की कामठी, कन्हान, मनसर करीत उजाडायच्या आत रामटेक गाठता येते, आणि गड मागे टाकून थोडे पुढे गेले की खिंडसीचे पाणी समोर येते. सूर नदी अडवून इंग्रजांच्या काळात, १९१३ साली, हा तलाव बांधला गेला. गेली सहा वर्षे मी येथे दोन माणसांच्या फायबरच्या होडीतून गळ टाकतो. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गरी टाकणारा माणूस बहुधा काठावरच्या दगडावर बसलेला असतो. होडी घेऊन पाण्यात उतरणारे हौशी लोक अजून थोडेच आहेत. पाण्यावर इतरांच्या होड्यांमध्ये कसे वागावे, हे आम्हाला कोणी शिकवलेले नसते. मला ते एका ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमारी करणाऱ्या समाजातल्या, काकांचे जाळे बिघडवल्यानंतर कळले.

तो डिसेंबरातला रविवार होता आणि धुके इतके दाट होते की होडीच्या नाकापलीकडे चार-पाच वावांवरचे काही दिसत नव्हते. तलावाचा एक अरुंद फाटा जेथे झाडीत शिरतो, तेथे रोहू हमखास चरायला येतो, म्हणून बॅटरीवर चालणारी छोटी मोटर लावून मी तिकडे निघालो होतो. वाटेत पाण्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या. सहलीला आलेल्यांचा कचरा असावा असे समजून मी होडी सरळ त्यांच्यामधून घातली. दोन क्षणांत मोटर गुरगुरली आणि बंद पडली. ती वर उचलून पाहिली तर पात्यांभोवती नायलॉनच्या पांढरट धाग्याचा गुंडा आवळला गेला होता आणि त्याच्या एका पदरात वीतभर रोहू कल्ल्यांशी अडकून तडफडत होता.

मी चाकू काढला, तेवढ्यात धुक्यातून एक डोंगा आला. त्यात साठी ओलांडलेले एक काका आणि त्यांचा तरुण मुलगा होता. "कापू नका जी भाऊ, कापू नका," काका लांबूनच म्हणाले, "उलटं फिरवा, सुटते ते." त्यांनी आपला डोंगा माझ्या होडीला लावला, बॅटरीची तार आधी काढायला सांगितली आणि पाते हाताने उलट्या दिशेला एकेक वेढा फिरवायला सुरुवात केली. धागा सैल झाला की तो नखाने उचलायचा, मुलाकडे द्यायचा, मग पुढचा वेढा. जेथे गाठ फारच घट्ट बसली होती, तेथे त्यांनी तोंड खाली नेऊन ती दातांनी सोडवली. पाऊण तास हे चालले. तरीही तीन-चार हात जाळे फाटलेच. "बाटल्या दिसल्या नाही का जी तुमाले?" असे त्यांनी शेवटी विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. नुकसानीचे पैसे मी पुढे केले, ते त्यांनी घेतले, आणि ते घेणे योग्यच होते, कारण फाटलेला भाग विणायला दिवस जातात आणि तितके दिवस ते जाळे पाण्यात उतरत नाही.

त्या बाटल्या वाचायला मी त्यानंतर शिकलो. जाळे संध्याकाळी लावतात आणि पहाटे उचलतात, म्हणजे आपण हौशी लोक ज्या वेळी सर्वांत उत्साहाने पाण्यात उतरतो, त्याच वेळी ते पाण्यात पसरलेले असते. बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एका रांगेत, साधारण सारख्या अंतरावर दिसले तर जाळे पृष्ठभागापासूनच खाली लोंबते आहे असे समजावे आणि रांगेच्या टोकाला वळसा घालून जावे, मग तो वळसा कितीही लांबचा असो. दोन टोकांना फक्त एकेक डबा दिसला आणि मधले पाणी मोकळे वाटले, तर जाळे तळाशी बसवलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी होडी वरून जाईल, पण गळ मात्र तेथे टाकू नये, कारण शिसे लावलेला गळ तळाला जाऊन जाळ्यातच रुततो. कतला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे कोणता मासा धरायचा आहे त्यानुसार जाळ्याची खोली ठरते. हे कळले की पाणी बरेच काही सांगू लागते.

याहून मोठी गोष्ट मला नंतर समजली. आपल्याकडील बहुतेक तलाव आणि जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. रोहू, कतला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नदीचे वाहते पाणी लागते. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून मत्स्यबीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला, आणि आज संस्था पैसे मोजून आणलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तलावात सोडते. म्हणजे माझ्या गळाला लागलेला दोन किलोचा रोहू हा पुष्कळदा कोणीतरी विकत घेऊन पाण्यात सोडलेला मासा असतो. तेव्हापासून मी संस्थेला विचारल्याशिवाय आणि त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय होडी उतरवत नाही. काही पाण्यांवर तर विचारण्याचाही प्रश्न नसतो. पेंच राष्ट्रीय उद्यानातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे आणि तेथे गळाची काठीसुद्धा नेऊ नये.

दुसरी बाजू आहे मोटरबोटींची. खिंडसीवर नौकाविहार चालतो, सुट्टीच्या दिवशी नऊ-दहा वाजल्यापासून पर्यटकांना घेऊन बोटी सुटतात, आणि गळ टाकणाऱ्यांची त्यांच्याविषयीची तक्रार मी पुष्कळ ऐकली आहे, पूर्वी केलीही आहे. 'आम्ही मासे धरतो आहोत, त्यांनी बाजूने जावे' हा आमचा आवडता मुद्दा. परंतु समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत मासेमारी करणाऱ्या नौकेला जी सवलत आहे, ती जाळे किंवा तत्सम साधनामुळे जिला सहज वळता येत नाही अशा नौकेपुरतीच आहे. मागे गळाचे दोर सोडून चालणाऱ्या आणि सहज वळू शकणाऱ्या नौकेला ती मिळत नाही. तलाव म्हणजे समुद्र नव्हे, पण त्या नियमामागचा विचार मला पूर्ण पटतो. ज्याला वळता येते त्याने वळावे. मी गळ गुंडाळून अर्ध्या मिनिटात बाजूला होऊ शकतो. जाळे ओढणारा डोंगा होऊ शकत नाही. समोरासमोर आलो तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे, आणि उजव्या हाताकडून आडवी येणारी बोट असेल तर तिला पुढे जाऊ द्यायचे, एवढे दोन नियम सर्वांनी पाळले तरी बरेचसे गोंधळ मिटतील.

मोटरबोट चालवणाऱ्याला काय दिसत नाही, याचाही विचार आपण करीत नाही. वेग घेताना बोटीचे नाक वर उचलले जाते आणि समोरचे पाणी काही काळ झाकले जाते. त्यात सकाळचे ऊन डोळ्यांवर आले तर माझ्यासारखी बसकी, हिरवी होडी काठच्या झाडीत विरघळून जाते. म्हणून मी नारिंगी जीवरक्षक जॅकेट घालतो आणि उजाडण्यापूर्वी उंच काठीवर पांढरा दिवा लावतो. बोट जवळून जाणार असे दिसताच गळाच्या काठीचे टोक पाण्यात बुडवतो, म्हणजे दोर खाली जातो आणि तिच्या पंख्यात अडकत नाही. हा दोर पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला गेला तर आतील सील कापले जाते, गिअरमध्ये पाणी शिरते आणि मोठा खर्च निघतो. लाटांविषयी मात्र बोटवाल्यांना माझी एक विनंती असते: अर्ध्या वेगाने जाणारी बोट सर्वांत मोठी लाट उठवते, कारण तेव्हा ती नाक वर करून पाणी ढकलत असते, त्यामुळे आमच्याजवळून जाताना वेग थोडा कमी करण्याऐवजी अगदी मंद करावा. एका चालक दादांना मी हे नीट सांगितले, त्यांनी ऐकले, आणि आता ते दुरूनच हात वर करतात.

लाट आलीच तर उभे राहू नये आणि होडी आडवी राहू देऊ नये. खाली बसून नाक लाटेकडे थोडे तिरपे करावे. नांगर नेहमी नाकालाच बांधावा आणि दोर खोलीच्या किमान पाचपट सोडावा, म्हणजे चार मीटर पाण्यात वीस मीटर. मागच्या बाजूला नांगर बांधला की होडीचे शेपूट दबते आणि पहिल्याच मोठ्या लाटेचे पाणी आत येते. २०१७ च्या जुलैमध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून तरुण मुले बुडाली. त्यानंतर काही महिने आमच्या घरातून मला पाण्यावर जाऊ दिले नव्हते, आणि आईचे त्यातले बोलणे मला आजही चुकीचे वाटत नाही. जॅकेट होडीत ठेवून उपयोग नसतो. ते किनाऱ्यावरच अंगावर चढवून पट्टे आवळावे लागतात.

काकांची आणि माझी आता ओळख झाली आहे. मागच्या रविवारी पोहोचलो तेव्हा ते डोंग्यातले पाणी डब्याने उपसत होते. रात्री जाळे कुठे लावले, असे विचारले तर त्यांनी हात लांब करून फाट्याच्या मुखापासून वाळलेल्या सागाच्या खुंटापर्यंत एक रेघ ओढून दाखवली. मी मोटर वर उचलूनच ठेवली, वल्ह्याने हळूहळू खुंटाच्या अलीकडे आलो आणि नांगर टाकून थांबलो. त्यांनी आणि मुलाने जाळे उचलले, शेवटची बाटली डोंग्यात पडली, आणि मग काकांनी हात हलवला तेव्हा मी मोटर पाण्यात सोडली.